सोलापूरच्या हवेत वायूचे घनफळ मोजताना : मॅग्नेशिअम, पेरॉक्साइड आणि शेतातला चुना

रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाठ केलेला २२.४ लिटर हा आकडा सोलापुरात वर्षातल्या एकाही दिवशी लागू पडत नाही. एक मोल वायू (म्हणजे ठरावीक संख्येच्या रेणूंइतका वायू) २२.४ लिटर जागा व्यापतो तो शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरील सरासरी दाबाला. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ऋतुमानाप्रमाणे साधारण ९५० ते ९६५ हेक्टोपास्कल असतो आणि मे महिन्यातल्या दुपारी बिनवातानुकूलित प्रयोगशाळेतला पारा चाळिशीला टेकतो. ३० अंश तापमान आणि ९६० हेक्टोपास्कल दाब धरला, तर एक मोल कोरडा वायू इथे २६.३ लिटर जागा घेतो आणि तोच वायू पाण्यावर गोळा केला तर जवळपास २७.५ लिटर. ही दुरुस्ती ज्याने केली नाही त्याचे उत्तर वीस टक्क्यांहून अधिक चुकते, मग त्याची ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची काचेची मोजनळी, कितीही महागडी असो.

वायूचे घनफळ मोजून अभिक्रियेचा हिशेब मांडण्याची पद्धत जुनी आहे. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये वायू साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात हे दाखवले ते घनफळे मोजूनच, आणि अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये त्यामागे रेणूंची संख्या असल्याचे सुचवले. आजही ही पद्धत स्वस्त, जलद आणि पुरेशी अचूक असल्यामुळे अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीपासून टॉवेल कारखान्यातील ब्लीचिंगच्या टाकीपर्यंत आणि सांगोला-पंढरपूर भागातील डाळिंब-द्राक्षांच्या मातीपर्यंत ती उपयोगी पडते. पुढे याच तीन कामांसाठी ती टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

उपकरणाची जुळणी

शाळेत बहुधा वापरली जाणारी रचना म्हणजे शंकुपात्र, त्याला रबरी बूच, बुचातून निघालेली वायुवाहक नळी आणि पाण्याच्या टबमध्ये पाण्याने भरून उलटे धरलेले १०० मिलिलिटरचे मोजपात्र. वायू नळीतून येतो, मोजपात्रातील पाणी खाली ढकलतो आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून घनफळ वाचता येते. शिकवण्यासाठी ही रचना उत्तम आहे, कारण मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही वायू साठताना दिसतो. मात्र १०० मिलिलिटरच्या मोजपात्रावर एक मिलिलिटरपेक्षा लहान फरक विश्वासाने वाचता येत नाही, म्हणून विश्लेषणासाठी मी दुसरी रचना सुचवेन.

५० मिलिलिटरची ब्युरेट स्टँडला सरळ उभी बांधावी. तिच्या वरच्या तोंडाला एका भोकाचे रबरी बूच बसवून त्यातून नळी शंकुपात्राकडे न्यावी. ब्युरेटच्या खालच्या टोकाला साधारण पाऊण मीटर लांबीची लवचीक नळी जोडून तिचे दुसरे टोक एका उघड्या काचेच्या नळीला किंवा नरसाळ्याला जोडावे आणि ही उघडी नळी वरखाली करता येईल अशी दुसऱ्या स्टँडवर धरावी. ब्युरेटची तोटी उघडी ठेवून उघड्या नळीतून पाणी ओतत गेले की दोन्हींकडे पाणी एका पातळीवर येते, आणि ब्युरेटमधील पातळी शून्याच्या खुणेजवळ आणता येते. वायू तयार झाला की ब्युरेटमधील पाणी खाली उतरते आणि उघड्या नळीत चढते. आधीच्या आणि नंतरच्या वाचनातील फरक हेच घनफळ, आणि ते ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचता येते. जोडणीसाठी तांबडी रबरी नळी घेऊ नये. इथल्या उन्हाळ्यात ती दोन हंगामांत कडक होऊन तिला चिरा पडतात. मत्स्यालयाच्या दुकानातील सिलिकॉनची नळी किंवा सलाइनच्या संचातील नवी नळी अधिक टिकते.

काच मिळत नसेल तर औषधाच्या दुकानातील ५० किंवा ६० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंजही चालते. तिचा दट्ट्या अडखळतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो. दट्ट्याला ग्लिसरीनचे बोट लावून, वाचनापूर्वी तो थोडा मागे ओढून सोडावा आणि जिथे स्थिरावेल तिथले वाचन घ्यावे. सिरिंज वापरली म्हणजे पाण्याच्या वाफेची दुरुस्ती टळली असा समज सर्रास आढळतो, तो बरोबर नाही. आम्लाच्या पाणीदार द्रावणातून बुडबुडे होऊन वर आलेला वायू सोबत वाफ घेऊनच येतो.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे अभिक्रिया बूच बसवल्यानंतर सुरू झाली पाहिजे. आम्लात धातू टाकून घाईघाईने बूच दाबायचे ठरवले तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतला वायू हवेत जातो, आणि जलद अभिक्रियेत हाच भाग मोठा असतो. त्यासाठी एक अभिकारक इंजेक्शनच्या रिकाम्या, स्वच्छ छोट्या बाटलीत भरून ती बाटली शंकुपात्रात अलगद उभी ठेवावी, बूच घट्ट बसवावे, पातळी जुळवून सुरुवातीचे वाचन घ्यावे आणि मग शंकुपात्र तिरपे करून बाटली आडवी पाडावी. बुचातून सिरिंजने आम्ल आत सोडण्याची पद्धतही आहे, पण मग जितके मिलिलिटर आम्ल आत गेले तितके वाचनातून वजा करावे लागते, कारण त्या द्रवानेही तेवढीच हवा बाहेर ढकललेली असते.

गळती, पातळी आणि हाताची ऊब

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला गळतीची चाचणी घ्यावी. बूच बसवून पातळ्या सारख्या कराव्यात, मग उघडी नळी सुमारे ३० सेंटिमीटर खाली आणावी. ब्युरेटमधील पाणी किंचित उतरून थांबले पाहिजे. पाच मिनिटांनंतरही ते हळूहळू उतरतच असेल तर कुठेतरी हवा आत शिरते आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून नळी वर उचलली की बुडबुड्यांवरून जागा सापडते.

अंतिम वाचन घेण्यापूर्वी आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत आणणे अनिवार्य आहे, कारण तेव्हाच आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असतो. पातळीत १० सेंटिमीटरचा फरक राहिला तर दाबात सुमारे १० हेक्टोपास्कलचा, म्हणजे इथल्या दाबाच्या एक टक्क्याचा फरक पडतो. उलट्या मोजपात्राच्या बाबतीत ते टबमध्ये खाली-वर करून ही जुळणी करावी, आणि त्यासाठी टब पुरेसा खोल निवडावा. वाचन डोळ्यांच्या पातळीवर, पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी घ्यावे.

तापमानाचा त्रास मात्र चोरपावलांनी येतो. शंकुपात्रात १५० मिलिलिटर हवा अडकलेली असेल आणि तिचे तापमान केवळ दोन अंशांनी वाढले, तर ती जवळपास एक मिलिलिटरने फुगते. मॅग्नेशिअम-आम्ल किंवा पेरॉक्साइडचे विघटन या दोन्ही अभिक्रिया उष्णता देतात, आणि शंकुपात्र मुठीत धरून हलवणाऱ्याचा तळहातही उष्णता देतो. म्हणून शंकुपात्र खोलीच्या तापमानाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावे, हलवताना मानेला धरावे आणि अभिक्रिया थांबल्यावर किमान दहा मिनिटे वाट पाहून मगच अंतिम वाचन घ्यावे. लहान शंकुपात्र वापरल्यास अडकलेली हवा कमी राहते आणि ही चूकही त्याच प्रमाणात घटते. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकणे इष्ट, कारण अकरानंतर खोलीचे तापमान प्रयोग चालू असतानाच चढत राहते.

तीन आकडे : तापमान, दाब आणि वाफ

तापमान वायूच्या जवळच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून मोजावे; भिंतीवरच्या थर्मामीटरचा इथे उपयोग नाही. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन तापमान मिळते.

दाबाबाबत बहुतेकांची फसगत होते. मोबाइलवरील हवामानाच्या अ‍ॅपमध्ये सोलापूरचा दाब १००८ किंवा १०१२ हेक्टोपास्कल असा दिसतो. तो इथे प्रत्यक्ष असलेला दाब नव्हे. वेगवेगळ्या उंचीवरील ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला आकडा असतो. सोलापूरसाठी त्यातून सुमारे ५० हेक्टोपास्कल वजा केले की प्रत्यक्ष दाबाच्या अर्ध्या-पाऊण टक्क्यापर्यंत जाता येते. काही मोबाइलमध्ये दाबमापक संवेदक असतो. तो दाखवत असलेला कच्चा आकडा, अर्थात समुद्रसपाटीची दुरुस्ती न केलेला, थेट वापरावा. प्रयोगशाळेत फोर्टिनचा दाबमापक असेल तर प्रश्नच मिटला. तो मिलिमीटर पाऱ्यात वाचन देतो, आणि इथे ते ७२० मिलिमीटरच्या आसपास येते. एक मिलिमीटर पारा म्हणजे १.३३३ हेक्टोपास्कल.

तिसरा आकडा वाफेचा. पाण्यावर गोळा केलेला वायू मोजणे म्हणजे मार्केट यार्डात बारदानासकट धान्य तोलण्यासारखे आहे. बारदानाचे वजन वजा केल्याशिवाय धान्याचे वजन कळत नाही. डाल्टनच्या आंशिक दाबाच्या नियमानुसार मोजलेल्या एकूण दाबातून त्या तापमानाचा पाण्याचा बाष्पदाब वजा केला की उरतो तो कोरड्या वायूचा दाब. हा बाष्पदाब २० अंशांना २३.४ हेक्टोपास्कल, २५ अंशांना ३१.७, ३० अंशांना ४२.४, ३५ अंशांना ५६.२ आणि ४० अंशांना ७३.८ असतो. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, त्यामुळे थंड प्रदेशात दोन-अडीच टक्क्यांची असलेली ही दुरुस्ती आपल्याकडे मेमध्ये सात-आठ टक्क्यांवर जाते. साध्या पाण्याऐवजी मिठाचे संपृक्त द्रावण वापरले असेल तर त्याचा बाष्पदाब साध्या पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश धरावा.

हे तीन आकडे हाती आले की सूत्र एकच. कोरड्या वायूचा दाब हेक्टोपास्कलमध्ये आणि घनफळ मिलिलिटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ८३,१४० गुणिले केल्विन तापमान याने भागावे. उत्तर मोलमध्ये येते. ८३,१४० हा वायू स्थिरांक ८.३१४ चाच या एककांमधला अवतार आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की २२.४ लिटरची गरज उरत नाही. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब बदलून एक बार केल्यामुळे काही पुस्तकांत २२.७ लिटर सापडते, तोही गोंधळ यात आपोआप टळतो.

मॅग्नेशिअम : उपकरणाची परीक्षा

पहिला प्रयोग ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा करावा. मॅग्नेशिअम आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत मॅग्नेशिअमच्या एका मोलामागे हायड्रोजनचा एक मोल मिळतो, आणि हायड्रोजन पाण्यात अत्यल्प विरघळतो. उपकरणात दोष असेल तर तो इथेच उघड होतो.

५० मिलिलिटरच्या ब्युरेटसाठी ०.०४० ग्रॅम मॅग्नेशिअम पुरते. इतके लहान वजन शाळेच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर करणे निरर्थक आहे, कारण काट्याची शेवटच्या अंकातली चूकच मोठी ठरते. त्यापेक्षा फितीचा एक मीटर तुकडा बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, कारण वरचा करडा थर ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळला तरी हायड्रोजन देत नाही. मग त्या संपूर्ण तुकड्याचे वजन करून लांबीच्या हिशेबाने तुकडे कापावेत. बाजारातील फीत मीटरला जवळपास एक ग्रॅम भरते, म्हणजे चार सेंटिमीटरचा तुकडा लागेल. आपल्या फितीचे प्रमाण मात्र वजन करूनच ठरवावे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा मिळाला तर थेट वजन करता येते.

लहान बाटलीत एक मोलर (लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर घ्यावे. आम्ल गरजेपेक्षा तिप्पट असल्याने मॅग्नेशिअम पूर्ण संपते. शंकुपात्राच्या तळाशी फीत ठेवून वर सांगितल्याप्रमाणे बाटली तिरपी करावी. वायू तयार होत असताना उघडी नळी हळूहळू खाली आणत राहिल्यास आतला दाब वाढत नाही आणि बूच उडण्याची भीती राहत नाही. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे खोलीत बर्नर, मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटते नको. डोळ्यांना गॉगल लावावा आणि एवढे लहान प्रमाण कुतूहलापोटी दसपट करू नये.

समजा तापमान ३२ अंश म्हणजे ३०५ केल्विन, दाब ९५७ हेक्टोपास्कल आणि वाचनांतील फरक ४५.२ मिलिलिटर आला. ३२ अंशांना बाष्पदाब ४७.६ हेक्टोपास्कल असतो, म्हणून कोरड्या हायड्रोजनचा दाब ९०९.४ हेक्टोपास्कल. सूत्रानुसार ०.००१६२१ मोल मिळतात. त्यांना मॅग्नेशिअमच्या २४.३ या अणुवस्तुमानाने गुणले की ०.०३९४ ग्रॅम, म्हणजे घेतलेल्या वजनाच्या ९८.५ टक्के. हे उत्तर समाधानकारक आहे. याच वाचनात वाफ वजा करायची राहिली तर उत्तर सुमारे १०४ टक्के येते, आणि थेट २२.४ लिटरने भागले तर सुमारे १२३ टक्के. शंभराच्या वर गेलेली शुद्धता पाहून विद्यार्थी बहुधा फीत किंवा आम्ल खराब असल्याचा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात दोन्ही निर्दोष असतात.

एकाच दिवशी तीन तुकड्यांवर हा प्रयोग करावा. तिन्ही उत्तरे ९७ ते १०१ टक्क्यांच्या दरम्यान आली की उपकरण पुढच्या कामासाठी वापरावे. ती सातत्याने कमी येत असतील तर गळती शोधावी, सातत्याने जास्त येत असतील तर थंड होण्याआधी वाचन घेतले जात आहे का ते पाहावे.

पेरॉक्साइडची शक्ती

सोलापूरच्या टॉवेल आणि चादरींच्या धंद्यात सूत व कापड शुभ्र करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, आणि उष्णता, उजेड व धातूंचे अंश यांमुळे ते साठवणीतच विघटित होत जाते. त्याची शक्ती पूर्वापार ‘व्हॉल्यूम’मध्ये सांगतात. एक मिलिलिटर द्रावणातून शून्य अंश आणि १०१३ हेक्टोपास्कलला २० मिलिलिटर ऑक्सिजन मिळाला तर ते २० व्हॉल्यूमचे. औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे पेरॉक्साइड याच शक्तीचे असते.

परीक्षण सोपे आहे. शंकुपात्रात २० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घ्यावे, पिपेटने (ठरावीक घनफळ उचलणाऱ्या काचेच्या नळीने) मोजलेले एक मिलिलिटर पेरॉक्साइड लहान बाटलीत ठेवावे, बूच लावून पातळी जुळवावी आणि बाटली पाडावी. मँगनीज डायऑक्साइड हे उत्प्रेरक असल्याने त्याचे नेमके वजन अंतिम घनफळावर परिणाम करत नाही. जास्त घातले तर अभिक्रिया फक्त लवकर संपते. बुडबुडे थांबल्यावर शंकुपात्र हलवत राहावे, कारण द्रावणात अडकलेला ऑक्सिजन हलवल्याशिवाय पूर्ण बाहेर येत नाही.

आता ३० अंश आणि ९६० हेक्टोपास्कल असलेल्या दिवशी २० व्हॉल्यूमच्या ताज्या बाटलीतून ब्युरेटमध्ये सुमारे २४ मिलिलिटर ऑक्सिजन दिसेल. त्या वाचनाला प्रमाण स्थितीत आणण्यासाठी २७३ भागिले ३०३ आणि ९१७.६ भागिले १०१३ या दोन अपूर्णांकांनी, म्हणजे एकंदर ०.८१६ ने गुणावे लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की बाटलीवर २० छापलेले आहे आणि ब्युरेटही २० दाखवते म्हणून जो माल ठीक समजतो, त्याच्या हातात प्रत्यक्षात १६.३ व्हॉल्यूमचे पेरॉक्साइड आहे. मालाचे पैसे शक्तीवर ठरत असतील तर हा फरक किरकोळ नाही.

कारखान्यात येणारे ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड या पद्धतीने थेट मोजू नये. ते कातडी जाळते, कागद-कापडाला पेट देऊ शकते आणि उत्प्रेरकाशी गाठ पडताच प्रचंड उष्णतेसह फसफसते. प्रशिक्षित माणसाने हातमोजे व गॉगल लावून ते पाण्यात वीसपट पातळ करावे, त्या पातळ द्रावणाचे एक मिलिलिटर मोजावे आणि उत्तराला वीसने गुणावे. पेरॉक्साइडच्या डब्यात वापरलेली पिपेट परत बुडवू नये. तिच्यासोबत गेलेला मँगनीजचा कणदेखील साठा बिघडवतो आणि झाकणबंद डब्यात ऑक्सिजनचा दाब वाढवतो.

मातीतील मुक्त चुना

या लेखातला सर्वात उपयोगाचा भाग हा आणि सर्वात अवघडही हाच. आपल्या जिल्ह्यातील काळ्या जमिनींत चुनखडीचा अंश जागोजागी असतो. मुक्त चुना, म्हणजे मातीतले कॅल्शिअम कार्बोनेट, जास्त असला की मातीतील लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात, म्हणून डाळिंब किंवा द्राक्षाची बाग लावण्याआधी हा आकडा माहीत असलेला बरा. मातीवर आम्ल टाकले की कॅल्शिअम कार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचे घनफळ मोजून चुना काढणाऱ्या उपकरणाला कॅल्सिमीटर म्हणतात, आणि आपली ब्युरेटची रचना हा त्याचाच साधा प्रकार आहे.

अडचण अशी, की कार्बन डायऑक्साइड पाण्यात भरपूर विरघळतो. ३० अंशांना पाणी आपल्या घनफळाच्या सुमारे पाऊणपट कार्बन डायऑक्साइड सामावून घेऊ शकते. साध्या पाण्यावर तो गोळा केला तर वाचन घेईपर्यंत घनफळ डोळ्यांदेखत कमी होत जाते. म्हणून ब्युरेटमध्ये मिठाचे संपृक्त द्रावण, त्यात आम्लाचे थोडे थेंब टाकून, वापरावे, आणि ब्युरेटमधल्या द्रावणाच्या पृष्ठभागावर खनिज तेलाचा पातळ थर सोडावा. तरीही शंकुपात्रातील आम्लात काही वायू विरघळतोच. तो हिशेबाने मिळवण्याच्या भानगडीत न पडता तुलनेची पद्धत वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे: शुद्ध, कोरडे कॅल्शिअम कार्बोनेट ठरावीक वजनाचे घेऊन त्याच दिवशी, त्याच उपकरणात, तेवढेच आम्ल वापरून त्याचे घनफळ मोजायचे आणि मातीच्या घनफळाला त्याने भागायचे. दाब, तापमान, वाफ आणि विरघळलेला वायू या सगळ्यांचा परिणाम दोन्ही वाचनांवर जवळजवळ सारखाच होत असल्याने भागाकारात तो कटून जातो, आणि मागे शिकलेल्या दुरुस्त्यांपैकी एकही करावी लागत नाही. अट एवढीच, की दोन्ही घनफळे एकमेकांच्या जवळपास असावीत.

माती शेताच्या दहा-बारा जागांवरून, एकाच खोलीवरून घेऊन एकत्र करावी, सावलीत वाळवावी, ढेकळे फोडून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी आणि त्यातला थोडा भाग खलात पिठासारखा बारीक करावा. चाळणीवर उरलेले चुनखडीचे खडे तपासणीत धरले जात नाहीत; मात्र ते एकूण वजनाच्या किती होते हे टिपून ठेवावे, कारण मुरमाड शेतात ते पुष्कळ असू शकतात. वाळलेल्या बारीक मातीचा एक ग्रॅम शंकुपात्रात घ्यावा. दहा टक्के चुना असलेल्या एका ग्रॅम मातीतून इथे २७ मिलिलिटरच्या आसपास वायू निघतो, त्यामुळे माती फार चुनखडीची असेल तर पाव ग्रॅमच घ्यावी, नाहीतर ब्युरेट अपुरी पडेल. आम्लाची बाटली तिरपी करण्यापूर्वी मातीत पाच मिलिलिटर पाणी घालून ती भिजवावी, म्हणजे कोरड्या कणांत अडकलेली हवा मध्येच सुटून वाचन फुगवणार नाही. प्रमाणाच्या, म्हणजे शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटच्या, चाचणीतही तेवढेच पाणी घालावे.

दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर वापरून, पाच मिनिटे शंकुपात्र मानेला धरून हलवावे, मग परातीत स्थिर ठेवून वाचन घ्यावे. एखाद्या नमुन्यात सुरुवातीच्या जोरानंतरही वायू सावकाश येतच राहिला, तर त्यात डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशिअमयुक्त कार्बोनेट असण्याची शक्यता असते, कारण थंड आम्लात ते हळू विरघळते. अशा वेळी अर्ध्या तासाने दुसरे वाचन घेऊन दोन्ही नोंदवावीत.

हिशेब असा. शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटच्या ०.१०० ग्रॅममधून २६.० मिलिलिटर आणि मातीच्या १.०० ग्रॅममधून १८.२ मिलिलिटर वायू मिळाला, तर मातीतील चुना १८.२ भागिले २६.० गुणिले ०.१०० म्हणजे ०.०७० ग्रॅम, अर्थात ७ टक्के. दहा नमुने तपासायचे असतील तर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीनदा प्रमाण मोजावे. सकाळपासून दुपारपर्यंत तापमान वाढत गेल्यामुळे २६.० चे २७.० झालेले आढळेल, आणि जवळच्या वेळेचे प्रमाण जवळच्या नमुन्याला लावावे. आम्ल टाकायचे त्या बाकावर ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण कधीही ठेवू नये. त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू निघतो.

अभिक्रियेचा वेग

वायू किती निघाला याबरोबरच तो किती वेळात निघाला हेही याच ब्युरेटवर मोजता येते. पेरॉक्साइडच्या प्रयोगात बाटली पाडताच मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करावे आणि एकाने दर दहा सेकंदांनी वेळ पुकारावी, दुसऱ्याने वाचन सांगावे व तिसऱ्याने लिहावे. एकट्याने हे करणे कठीण जाते, त्यापेक्षा ब्युरेट व घड्याळ एका चौकटीत घेऊन चित्रफीत काढावी. इथे मात्र चिमूटभर उत्प्रेरक चालणार नाही. त्याचे वजन ठरावीक हवे आणि ते एकाच बाटलीतले हवे, कारण वेग भुकटीच्या बारीकपणावर अवलंबून असतो.

वेळ आडव्या अक्षावर आणि घनफळ उभ्या अक्षावर घेऊन काढलेला आलेख सुरुवातीला चढा असतो आणि पुढे सपाट होत जातो. सुरुवातीच्या बिंदूपाशी स्पर्शिका काढून तिचा चढ मोजला की आरंभीचा वेग मिलिलिटर प्रति सेकंद मिळतो. पेरॉक्साइडचे प्रमाण निम्मे केल्यावर तो वेगही निम्मा झाला, तर अभिक्रिया पेरॉक्साइडच्या दृष्टीने पहिल्या कोटीची आहे. याची दुसरी कसोटी म्हणजे अंतिम घनफळातून प्रत्येक वेळचे घनफळ वजा करून त्या फरकाचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडणे. बिंदू सरळ रेषेत आले तर पहिली कोटी. या मांडणीत सर्व वाचने एकाच तापमान-दाबाची असल्यामुळे दाबाची आणि वाफेची दुरुस्ती रेषेच्या चढावर परिणाम करत नाही. तापमान मात्र नेमके राखावे लागते, कारण पाच-सहा अंशांच्या फरकानेही वेग ठळकपणे बदलतो. वेगाच्या प्रत्येक आलेखावर परातीतील पाण्याचे आरंभीचे आणि शेवटचे तापमान लिहावे, आणि त्या दोहोंत एका अंशाहून अधिक अंतर असेल तर परातीत अधिक पाणी घेऊन तो प्रयोग पुन्हा करावा.